पिवळ्या रेषेपलीकडे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह, राजवटी आणि सनावळ्या येतात. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात पावसाला फारशी जागा नसते आणि बर्फाला तर मुळीच नसते. पण डोंगराळ मुलुखात राहणाऱ्या माणसांचा अर्धाअधिक इतिहास हवामानानेच लिहिलेला असतो. कोणत्या वर्षी कोणत्या कड्यावरून हिम खाली आले, कोणाचे घर गेले, कोणती वाट बंद पडली, हीच त्यांची तवारीख. ही तवारीख अपुरी राहिली तर काय होते, याचे एक उदाहरण आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. ते आहे १९९९ सालच्या हिवाळ्यातले, ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतातील गाल्ट्युर या गावचे.

आपल्याकडे 'बर्फ' हा एकच शब्द दोन गोष्टींना पुरतो. फारसीतून उर्दूत आणि तेथून मराठीत रुळलेला हा शब्द आपण शरबतातल्या खड्यालाही वापरतो आणि आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमालाही. त्यामुळे हिम म्हणजे काहीतरी हलके, कापसासारखे, असा आपला समज असतो. ताजे हिम खरोखरच हलके असते. एका घनमीटरला ते शंभर किलोच्या आसपास भरते. पण वाऱ्याने दाबले, ठासले की त्याच घनमीटरचे वजन तीनशे किलोपर्यंत जाते. असा थर काही मीटर जाडीचा झाला आणि डोंगराच्या उतारावरून एकदम सुटला, तर त्याला हिमस्खलन म्हणतात. तेव्हा तो कापूस राहत नाही, वाहती भिंत होतो.

गाल्ट्युर हे पाझ्नाउन नावाच्या अरुंद खोऱ्याच्या वरच्या टोकाला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८० मीटर उंचीवर वसलेले गाव. खोऱ्यातून त्रिसाना नदी वाहते. दोन्ही बाजूंना उंच डोंगर आणि हिवाळ्यात बाहेर पडायला खालच्या बाजूचा एकच रस्ता. १९९९ साली गावची वस्ती सातशेच्या आसपास होती. पण हिवाळ्यात स्कीइंगसाठी येणाऱ्या पाहुण्यांची संख्या गावकऱ्यांच्या कित्येक पट होत असे. शेजारचे इश्गल तर साऱ्या युरोपात प्रसिद्ध.

ही भरभराट जुनी नाही. शंभर वर्षांपूर्वी पश्चिम टायरोल हा अत्यंत गरीब मुलूख होता. शेती थोडी, उन्हाळा तोकडा, खाणारी तोंडे जास्त. तेथील गरीब घरांतली मुले दरवर्षी मार्च महिन्यात बर्फाने भरलेले घाट पायी ओलांडून जर्मनीतील श्वाबेन भागात जात. रावेन्सबुर्गसारख्या गावी त्यांचा चक्क बाजार भरे. शेतकरी तेथून मुले निवडून कामाला नेत आणि नोव्हेंबरच्या सुमारास एक जोड कपडे व थोडे पैसे देऊन परत पाठवीत. सात-आठ वर्षांची मुलेसुद्धा त्यात असत. १९२१ साली जर्मनीच्या त्या भागात परक्या मुलांनाही शाळा सक्तीची झाली, तेव्हा हा प्रकार संपुष्टात आला. शाळेच्या सक्तीने एक बाजार बंद पडला, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना लक्षात ठेवण्यासारखी वाटते.

पुढे पर्यटन आले आणि या खोऱ्याचे दैव पालटले. ज्या बर्फाने पिढ्यान् पिढ्या उपाशी ठेवले, त्याच बर्फावर घरे चालू लागली. त्यामुळे तेथील माणसांनी हॉटेले बांधली, पाहुणे बोलावले, म्हणून त्यांना हव्यासी ठरवणे सोपे असले तरी न्याय्य नाही. भुकेची आठवण ताजी असलेल्या माणसांनी उभा केलेला तो संसार होता.

आल्प्सच्या लोकांना हिमाचा धोका ठाऊक नव्हता असेही नाही. स्वित्झर्लंडमधील आंडरमाट गावाने १३९७ सालीच एक लेखी करार करून गावावरच्या जंगलातले झाड तोडण्यास बंदी घातली होती. उतारावर झाडे उभी असली की हिमाचा थर जागच्या जागी धरला जातो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. सहाशे वर्षांपूर्वीच्या गावकऱ्यांनी आपला अनुभव कायद्यात उतरवून ठेवला, म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी आठवण कागदावर बांधून ठेवली. १८८१ मध्ये स्वित्झर्लंडचे मुख्य वनाधिकारी योहान कोआझ यांनी देशभरच्या हिमस्खलनांची माहिती जमवून पुस्तक प्रसिद्ध केले. ऑस्ट्रियात १८८४ पासून डोंगरी ओढे आणि हिमस्खलने यांच्या बंदोबस्तासाठी सरकारी खाते काम करू लागले. १९३६ मध्ये दावोसजवळच्या वाइसफ्लूयोख या जागी, अडीच हजार मीटरहून अधिक उंचीवर, हिमाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा निघाली.

एवढे होऊनही १९५०-५१ चा हिवाळा आल्प्सच्या इतिहासात 'दहशतीचा हिवाळा' म्हणून नोंदला गेला. आल्प्समध्ये मिळून अडीचशेहून अधिक माणसे त्या एका हिवाळ्यात हिमाखाली गेली. २० जानेवारी १९५१ रोजी आंडरमाटवर तासाभरात सहा हिमस्खलने कोसळली आणि १३ जण दगावले. जंगलाने एक उतार धरून ठेवला म्हणून सगळे डोंगर थांबत नाहीत, हे तेव्हा कळले.

या धड्यातूनच नकाशे तयार झाले. ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या वन कायद्याने धोक्याच्या पट्ट्यांचे नकाशे करण्याची पद्धत घालून दिली. पद्धत साधी होती. जेथे हिमस्खलनाचा दाब चौरस मीटरला अडीच टनांच्या वर जाऊ शकतो तो भाग तांबडा. तेथे नवे बांधकाम नाही. जेथे हिम पोहोचेल पण दाब कमी असेल तो भाग पिवळा. तेथे भिंती भक्कम करण्याच्या अटीवर घर बांधता येई. त्यापलीकडची जमीन निर्धोक. कोणता भाग कोणत्या पट्ट्यात टाकायचा हे ठरवण्यासाठी दोन आधार होते. एक, गणित. दुसरा, गावाची याददाश्त, म्हणजे चर्चमधल्या नोंदी, जुनी दप्तरे आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी. गाल्ट्युरचाही असाच नकाशा होता. गावातली वस्तीची मुख्य जागा बरीचशी तांबड्या पट्ट्याबाहेर होती. हिम तेथवर आल्याची आठवण कोणालाच नव्हती.

आता १९९९ च्या जानेवारीकडे येऊ. महिन्याच्या अखेरीस अटलांटिक महासागरावर उच्च दाबाचा आणि उत्तर युरोपावर कमी दाबाचा पट्टा असा बसला की दोघांच्या मधून थंड, ओलसर वायव्येचे वारे थेट आल्प्सवर येऊन आदळू लागले. पर्वताने अडवलेली ही हवा वर चढली, गार झाली आणि तिच्यातली ओल हिम होऊन पडली. पहिले वादळ जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आले. ते ओसरून गाव रस्ते साफ करीत आहे तोच फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दुसरे आले. त्यानंतर थोडी उसंत मिळाली आणि १७ फेब्रुवारीच्या सुमारास तिसरे वादळ आले, ते आठवडाभर थांबलेच नाही. चार आठवड्यांत या भागात सुमारे चार मीटर नवे हिम पडले.

एकच मोठे वादळ आले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. लागोपाठच्या वादळांचे दुखणे निराळे असते. एका वादळाचे हिम पडले की मधल्या दिवसांत त्याचा पृष्ठभाग बदलतो. कधी उन्हाने किंचित वितळून रात्री पुन्हा गोठतो आणि त्याची गुळगुळीत साय बनते. त्या सायीवर दुसऱ्या वादळाचा थर बसतो, पण तो खालच्या थराशी नीट सांधला जात नाही. त्यावर पुन्हा तिसरा. वारा एका बाजूचे हिम उचलून डोंगराच्या आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो, तेव्हा तेथला साठा आभाळातून पडला त्याहूनही वाढतो. एरवी उतारावरून लहान लहान लोट सुटत राहतात आणि डोंगर आपले ओझे थोडे थोडे उतरवीत असतो. त्या वर्षी गाल्ट्युरवरच्या उतारांनी ओझे उतरवले नाही, साठवत ठेवले.

धोक्याच्या खुणा सबंध आल्प्सभर दिसत होत्या. ९ फेब्रुवारीला, म्हणजे दुसऱ्या वादळात, फ्रान्समधील शामोनीजवळच्या मोंत्रोक या वस्तीवर हिमस्खलन कोसळले. ते नदी ओलांडून समोरच्या चढावर चढले आणि तेथली लाकडी घरे त्याने मोडून टाकली. १२ माणसे मेली. त्यातील काही घरे नकाशाप्रमाणे निर्धोक जागेत होती. २१ फेब्रुवारीला स्वित्झर्लंडमधील एवोलेन येथे आणखी १२ जण गेले. इकडे पाझ्नाउन खोऱ्याचा रस्ता हिमस्खलनांच्या भीतीने बंद करण्यात आला होता. रस्त्यावर जाणे धोक्याचे म्हणून माणसांना गावातच थांबवले गेले, आणि तेव्हाच्या माहितीप्रमाणे हा निर्णय शहाणपणाचा होता. सुट्टीचे दिवस होते. हजारो पाहुणे खोऱ्यात अडकून पडले. दिवस कंटाळवाणे होते, तरी घरात आहोत म्हणजे सुरक्षित आहोत, असा सगळ्यांचा एतबार होता.

मंगळवार, २३ फेब्रुवारी १९९९. दुपारी चारच्या सुमारास गावावरच्या डोंगरातून हिमाचा प्रचंड थर सुटला. मिनिटभरात तो खाली पोहोचला. वेग ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक होता आणि पुढे हिमधुळीचा उंच ढग धावत होता. पिवळा पट्टा ओलांडून तो नकाशाने निर्धोक म्हटलेल्या जागेत शिरला. घरे कोसळली, मोटारी उचलून फेकल्या गेल्या. ५७ माणसे हिमाखाली गाडली गेली.

हिमाखाली सापडलेल्या माणसाला वेळ फार थोडा असतो. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर दहांपैकी नऊ जण वाचतात. पस्तीस मिनिटे उलटली तर दहांपैकी तीनच. गाल्ट्युरला बाहेरून मदत येणे अशक्य होते. रस्ता बंद, वादळ चालू आणि अंधार पडत आलेला. हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. तेव्हा जे हाती लागले ते घेऊन गावकरी आणि पाहुणे खणू लागले. फावडी होती, लांब काठ्या होत्या, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांचे हात होते. यजमान आणि पाहुणे, ऑस्ट्रियन आणि जर्मन, हा भेद त्या रात्री उरला नाही. २६ जण जिवंत निघाले. ३१ जण गेले. त्यांत बहुतेक पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी, २४ फेब्रुवारीला, खोऱ्यात थोडे खाली असलेल्या वाल्त्सूर या वाडीवर आणखी एक हिमस्खलन आले आणि ७ माणसे दगावली. एकूण ३८.

२४ तारखेला आकाश उघडल्यावर हेलिकॉप्टरांची रांग लागली. ऑस्ट्रियाच्या लष्कराबरोबर जर्मनी, अमेरिका, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांची हेलिकॉप्टरे आली आणि काही दिवसांत सुमारे १२,५०० माणसे खोऱ्यातून हवेतून बाहेर काढण्यात आली.

मग प्रश्न सुरू झाले. दोष कोणाचा? पाहुण्यांना आधीच हलवायला नको होते का? धंदा बुडेल म्हणून धोका लपवला गेला का? जर्मनीच्या वर्तमानपत्रांतून कडक शब्दांत हे विचारले गेले. गाल्ट्युरच्या बाबतीत सरकारी वकिलांनी चौकशी केली आणि कोणावरही खटला भरण्याजोगे कारण नाही असे ठरवून ती बंद केली. मोंत्रोकच्या बाबतीत मात्र फ्रान्सच्या न्यायालयाने २००३ मध्ये शामोनीच्या महापौरांना निष्काळजीपणाबद्दल दोषी धरून तीन महिन्यांची स्थगित कैद सुनावली. एकाच महिन्यात, एकाच पर्वतात, निर्धोक मानलेल्या जागेवरच हिम आले, आणि न्यायाची उत्तरे दोन निघाली. आम्हाला यातला एकच निकाल बरोबर आणि दुसरा चूक असे म्हणायचे नाही. माणसाला जे कळत होते ते त्याने केले नाही तर तो गुन्हेगार. पण जे कोणालाच कळत नव्हते त्याचे काय, हा प्रश्न कायद्यालाही जड जातो.

आमच्या मते खरी गफलत कोणा एका माणसाची नव्हती, तर नोंदी वाचण्याच्या पद्धतीची होती. 'येथे हिम आल्याची नोंद नाही' हे वाक्य खरे होते. पण ते वाचता वाचता 'येथे हिम येणार नाही' असे झाले. या दोन वाक्यांत डोंगराएवढे अंतर आहे. नोंद माणूस ठेवतो. जेथे घर नव्हते, माणूस नव्हता, तेथे हिम आले असेल तरी ते लिहिणार कोण? शिवाय गावाच्या आठवणीचे वय दोन-तीनशे वर्षांचे आणि डोंगराचे वय कोट्यवधी वर्षांचे. नकाशा ज्या मोठ्यात मोठ्या घटनेच्या हिशेबाने आखला होता ती दीडशे वर्षांतून एकदा येणारी. त्याहून मोठी घटना यायची असेल, तर ती शंभराव्या पिढीत येते की उद्या दुपारी, हे नकाशा सांगत नाही. तो फक्त रंग दाखवतो आणि वाचणारा त्या रंगाला वचन समजतो.

गणितही कमी पडले होते. हिमस्खलन जेवढे वरून सुटते तेवढेच खाली येते असे धरून हिशेब केले जात. पण वाटेतले हिम उचलून घेत ते वाढत जाते, हे नंतरच्या अभ्यासाने पक्के झाले. तीन वादळांनी सगळी वाट ताज्या हिमाने भरून ठेवलेली असल्यामुळे गाल्ट्युरच्या लोटाला वाटेत भरपूर खाद्य मिळाले. म्हणजे वादळे लागोपाठ येण्याने केवळ वरचा साठा वाढला नाही, खालची वाटही तयार झाली.

यानंतर ऑस्ट्रियाने नियम बदलले. तांबड्या पट्ट्याची मर्यादा चौरस मीटरला अडीच टनांवरून एक टनावर आणली, म्हणजे कालपर्यंत पिवळी असलेली पुष्कळ जमीन तांबडी झाली. गाल्ट्युरवरच्या उतारांवर हिम धरून ठेवणारे पोलादी अडसर बसवले गेले. गावाच्या कडेला सुमारे ३४५ मीटर लांबीची संरक्षक भिंत बांधली. त्या भिंतीच्या पोटातच 'आल्पिनारियम' नावाचे संग्रहालय उभारण्यात आले. ते २००३ मध्ये खुले झाले. भिंत आणि संग्रहालय एकाच इमारतीत असावे, ही कल्पना आम्हाला फार मोलाची वाटते. भिंत हिम अडवील, पण भिंत का बांधली हे विसरले गेले तर पुढची पिढी तिच्या पलीकडेही घरे बांधील.

जानेवारी २०१९ मध्ये आल्प्सच्या उत्तर भागात पुन्हा लागोपाठ वादळे आली. गावे तुटली, रस्ते बंद झाले, काही माणसे उघड्या डोंगरावर दगावली. पण गाल्ट्युरसारखी आपत्ती गावांवर आली नाही. याचे श्रेय भिंतींना आहे, वेळीच बंद केलेल्या रस्त्यांना आहे आणि त्या ३८ माणसांच्या आठवणीलाही आहे. मात्र यावरून धोका संपला असे कोणी म्हणू लागले तर ती जुनीच गफलत नव्याने होईल.

आम्ही वर्गात इतिहास शिकवतो तेव्हा मुले विचारतात, जे होऊन गेले ते शिकून काय उपयोग? गाल्ट्युरचे उत्तर दुहेरी आहे. जे होऊन गेले ते शिकलेच पाहिजे, कारण आंडरमाटच्या गावकऱ्यांनी ते शिकून एक जंगल राखले. पण जे लिहिलेले नाही ते घडलेच नव्हते असे समजू नये, आणि जे घडले नाही ते घडणारच नाही असे तर मुळीच समजू नये. दप्तर संपते तेथे इतिहास संपत नाही. तेथे फक्त आपली माहिती संपते, आणि तेवढे जाणून पुढचे घर थोडे मागे सरकवून बांधायचे असते.